कायला रॉस : ऑलिंपिक सुवर्णानंतर जिला खेळ पुन्हा सापडला

निळी_चटई

लेकीच्या जिम्नॅस्टिक्सच्या क्लासबाहेर आम्ही आया बसलेल्या असतो. त्यातली एक नाशिकची. तिची मुलगी तेरा वर्षांची, वर्षभरात चांगलीच उंच झाली आहे, आणि बार्सवर (एक वर, एक खाली अशा दोन दांड्यांवर) तिचं काहीतरी बिनसलंय. परवा ती हळूच म्हणाली, "आता हिचं वय होत आलं ना गं? सोडवावं का?" तेराव्या वर्षी वय होत आलं! मी तिला तिथेच कायला रॉसबद्दल सांगायला लागले आणि क्लास सुटला. उरलेलं इथे लिहिते.

कायलाचा जन्म 24 ऑक्टोबर 1996 चा, होनोलुलूचा. वाढली मात्र आमच्याच भागात, दक्षिण कॅलिफोर्नियात. कोस्टा मेसाच्या जिम-मॅक्समध्ये जेनी झँग आणि हॉवी लिआंग यांच्या हाताखाली तयार झाली. 2009 आणि 2010 अशी लागोपाठ दोन वर्षं ती अमेरिकेची कनिष्ठ विजेती होती. 2012 च्या लंडन ऑलिंपिकला गेलेल्या पाच जणींत सगळ्यात लहान हीच, पंधरा वर्षांची. सोळावं वर्ष त्याच कॅलेंडर वर्षात पूर्ण होणार होतं म्हणून नियमात बसली. गॅबी डग्लस, अ‍ॅली रेझमन, जॉर्डिन वीबर, मकेला मरोनी आणि कायला. सांघिक अंतिम फेरीत कायलाकडे दोनच साधनं होती, बार्स आणि बीम (उंचावरची अरुंद पट्टी). दोन्हीकडे एकही चूक न करता ती उतरली. अमेरिका 183.596, रशिया 178.530. 1996 नंतर पहिल्यांदा अमेरिकेच्या मुलींना सांघिक सुवर्ण मिळालं.

बाकीच्या चौघींची नावं जाहिरातींत झळकली. कायलाने व्यावसायिक व्हायचं नाकारलं. तेव्हाचा नियम असा होता की एकदा प्रायोजकांचे पैसे घेतले की कॉलेजच्या संघातून खेळता येत नसे. ऑलिंपिक सुवर्ण गळ्यात असताना, पंधरा-सोळाव्या वर्षी, हाताशी आलेले पैसे बाजूला ठेवून "मला कॉलेजात खेळायचंय" म्हणायचं. या निर्णयाबद्दल फार कमी बोललं जातं, आणि मला तर तिच्या सगळ्या पदकांपेक्षा तो मोठा वाटतो.

2013 ला अँटवर्पच्या जागतिक स्पर्धेत तिला तीन रौप्यपदकं मिळाली: सर्वसाधारण (म्हणजे चारही साधनांची बेरीज), बार्स आणि बीम. सर्वसाधारणमध्ये तिच्या पुढे होती फक्त सिमोन बाइल्स, जिचं ते पहिलंच जागतिक विजेतेपद. 2014 ला नॅनिंगच्या जागतिक स्पर्धेत सांघिक सुवर्ण आणि सर्वसाधारण कांस्य. आणि मग 2015. तोपर्यंत ती खूप उंच झाली होती. बार्सवरचं टायमिंग बिघडलं, आत्मविश्वास गेला, आणि त्या वर्षीच्या जागतिक संघनिवडीतून तिने माघार घेतली. फेब्रुवारी 2016 मध्ये, रिओ ऑलिंपिकला सहा महिने उरलेले असताना, तिने आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्समधून निवृत्ती जाहीर केली. वय वर्षं एकोणीस.

नाशिकच्या मैत्रिणीला मला खरं सांगायचं होतं ते इथून पुढचं. त्याच वर्षी कायला यूसीएलएत (लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात) गेली आणि पहिल्याच हंगामात, 2017 ला, बार्स आणि बीमची राष्ट्रीय महाविद्यालयीन विजेती झाली. 2019 ला व्हॉल्ट (धावत येऊन मारायची उडी) आणि फ्लोअरची (चटईवरच्या कसरती). म्हणजे चारही साधनं! लंडनला जिला व्हॉल्ट आणि फ्लोअरवर संघाने उतरवलंच नव्हतं, ती मोठी झाल्यावर, उंच झाल्यावर, नेमकी त्याच दोन साधनांवर देशात पहिली आली. कॉलेजच्या चार वर्षांत तिला 22 वेळा दहापैकी दहा मिळाले.

तिची कॉलेजची वर्षं म्हणजे निवृत्तीनंतरचा निवांत काळ, असं लिहिलेलं वाचलं की मला फार लागतं. तुम्हाला काय वाटतं?

---

सातपुडा

सुंदर लिहिलंय. हा खेळ मी ऑलिंपिकपुरताच बघतो, त्यामुळे कॉलेजचा भाग पूर्ण नवीन.

पण एक शंका आहे. 22 वेळा दहापैकी दहा? आंतरराष्ट्रीय स्पर्धेत तर दहा गुण ही भानगडच आता नाही ना? नादियाने 1976 ला माँट्रियलला मिळवले ते दहा आणि हे दहा एकच कसे? कॉलेजात कसरती सोप्या असतात आणि पंच सढळ हाताने गुण देतात, असं ऐकलंय. मग एलिट, म्हणजे आंतरराष्ट्रीय दर्जाच्या, खेळाडूने तिथे जिंकणं म्हणजे रणजीवाल्याने शालेय सामन्यात शतक ठोकण्यासारखं झालं नाही का? राग मानू नका.

---

निळी_चटई

@सातपुडा, राग कसला. हाच प्रश्न यायला हवा होता.

आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्सने 2006 मध्ये दहाची कमाल मर्यादा काढून टाकली. आता दोन आकडे असतात: कसरत किती अवघड आहे त्याचा एक, आणि ती किती नेटकी केली याचा दुसरा, दहातून वजाबाकी करत. दोन्हींची बेरीज. त्यामुळे जितकं अवघड कराल तितकं वर जायला वाव. कॉलेजने जुनी दहाची पद्धत ठेवली. ठरावीक अवघडपणा गाठला की सुरुवात दहापासून, आणि मग फक्त कापाकापी.

कसरती कमी अवघड असतात हे खरंच आहे. पण अवघडपणाच्या गुणांची उशी नसल्यामुळे लहानशी चूकही झाकली जात नाही. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पडलं तर पूर्ण एक गुण जातो, कॉलेजात अर्धा. तरी कॉलेजात पडणारी त्या दिवसापुरती संपलेली असते, कारण वरच्या पाच जणींत गुणांचं अंतर असतं शंभराव्या भागात. उतरताना पाऊल इंचभर सरकलं तरी विजेतेपद जातं. प्रत्येक साधनावर संघातल्या सहा जणी उतरतात आणि पाच जणींचे गुण धरतात. आणि हे जानेवारीपासून एप्रिलपर्यंत, जवळजवळ दर आठवड्याला. एलिट खेळाडू वर्षाकाठी मोजक्या मोठ्या स्पर्धांसाठी शरीर तयार करते. इथे दर शनिवार-रविवारी सिद्ध करायचं असतं, आणि सोमवारी वर्गात हजर.

पंच सढळ असतात या तक्रारीत तथ्य आहे. घरच्या मैदानावर गुण फुगतात, हे मीही प्रेक्षकांत बसून पाहिलंय. कायलाच्या बीमबद्दल मात्र मला कधी तसं वाटलं नाही. दहा सेंटिमीटर रुंदीची पट्टी, जमिनीपासून सव्वा मीटर उंच, आणि ही बाई त्यावर अंगणात चालल्यासारखी चालायची.

---

ठाण्याची_उडी

धागा वाचून राहवलं नाही म्हणून बऱ्याच वर्षांनी लॉगिन केलं.

मी स्वतः जिम्नॅस्ट होते. आधी मल्लखांब, मग जिम्नॅस्टिक्स. राज्य पातळीपर्यंत खेळले. उंचीबद्दल निळी_चटई यांनी लिहिलंय ते शरीराच्या आतून कसं असतं ते सांगते.

चौदाव्या वर्षी माझी उंची झपाट्याने वाढली. डोक्यात आठ वर्षांचा सराव भरलेला असतो: हात कधी सोडायचे, गुडघे कधी ओढायचे. आणि एक दिवस पाय लांब झालेले असतात. लांब शरीर सावकाश फिरतं, हे विज्ञान झालं. आपल्याला कळतं ते एवढंच की कोलांटीत जमीन अपेक्षेपेक्षा आधी येते. बार्सवर तर पाय खालच्या दांडीला आपटतात, कारण दोन दांड्यांमधलं अंतर एका मर्यादेपर्यंतच वाढवता येतं. मल्लखांबावरही हेच होतं. लहानपणी घट्ट बसणारी मांडीची पकड वजन वाढलं की घसरायला लागते. पण तिथे आमचे सर म्हणायचे, "शरीर नवीन आलंय, त्याची ओळख करून घे." पकड नव्याने शिकवायचे. जिम्नॅस्टिक्सच्या हॉलमध्ये मला वजनकाट्यावर उभं केलं गेलं आणि रात्रीचं जेवण बंद करायला सांगितलं. सतराव्या वर्षी मी सोडलं. नाव कुणाचं घेत नाही, घ्यायचंही नाही. तेव्हा सगळीकडे असंच चालायचं आणि माझ्या आईबाबांनाही तेच बरोबर वाटलं.

म्हणून कायलाचं 2017 चं बीम मी यूट्यूबवर पाहिलं तेव्हा रडले. वीस वर्षांची, उंच, भरलेल्या खांद्यांची मुलगी बीमवर उभी आहे आणि तिला कुणी "जास्त झालीस" म्हणत नाहीये.

---

केतकी_बन

@ठाण्याची_उडी, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. अशी माझी एक मावशी आहे. तिच्या ट्रॉफ्या माळ्यावर आहेत आणि ती त्याबद्दल बोलत नाही.

---

जर्सीचा_बाबा

लेख आवडला. माझ्या दोन्ही मुली इथे न्यू जर्सीत जिम्नॅस्टिक्स करतात, मोठी लेव्हल 7 ला आहे (दहा पायऱ्यांतली सातवी). जाणकारांना एक व्यावहारिक प्रश्न. कॉलेज संघात जायला एलिट व्हावंच लागतं का? आमच्या जिममध्ये दोन कुटुंबांनी त्यासाठी मुलींना शाळेतून काढून घरी शिकवायला सुरुवात केली आहे. बायको आणि मी रोज रात्री यावर बोलतोय.

---

निळी_चटई

@जर्सीचा_बाबा, अजिबात नाही. कॉलेजात खेळणाऱ्या बहुतेक मुली एलिट नसतात, लेव्हल 10 मधून येतात. कायला आणि मॅडिसन कोशियन (रिओची सांघिक सुवर्णपदक विजेती, कायलाबरोबर यूसीएलएतच होती) या अपवाद. आणि 15 जूनचा नियम लक्षात ठेवा: मुलीची दहावी संपल्यानंतरच्या 15 जूनआधी प्रशिक्षक तिच्याशी निवडीबद्दल थेट बोलू शकत नाहीत. हा नियम आता आलाय. कायलाच्या वेळी आठवी-नववीच्या मुली तोंडी शब्द देऊन बसायच्या, ती पद्धत वाईट होती.

शिष्यवृत्तीचं म्हणाल तर वरच्या विभागातल्या प्रत्येक संघाला 12 पूर्ण शिष्यवृत्त्या असत. 2025 पासून ती पद्धत बदलली आणि नव्या व्यवस्थेत आलेल्या कॉलेजांना संघात जास्तीत जास्त 20 मुली ठेवता येतात. वरच्या विभागात संघ साठच्या आसपास. देशभरातल्या मुलींच्या मानाने जागा फारच थोड्या, त्यामुळे शिष्यवृत्ती हे ध्येय ठेवून सातवीतल्या मुलीला शाळेतून काढू नका, असं मी तुम्हाला धाकट्या बहिणीच्या अधिकाराने सांगते.

---

मधुकर_पं

धागा उत्तम. लंडनच्या पाच जणींबद्दल थोडी भर.

त्यांतल्या जॉर्डिन वीबरची कहाणी कायलाच्या कहाणीला चिकटूनच आहे. वीबर 2011 ची जगज्जेती. लंडनच्या पात्रता फेरीत ती एकूण चौथी आली, पण एका देशाच्या दोनच जणी सर्वसाधारण अंतिम फेरीत जाऊ शकतात आणि तिच्या पुढे रेझमन आणि डग्लस होत्या. जगज्जेती बाहेर बसली. नंतर तीही यूसीएलएला शिकायला आली, पण व्यावसायिक झालेली असल्यामुळे संघातून खेळता येत नव्हतं. मग ती त्याच संघाची व्यवस्थापक झाली, पुढे मदतनीस प्रशिक्षक. म्हणजे एक ऑलिंपिक विजेती बीमवर, आणि तिची लंडनची जोडीदार बाजूला चटई सरकवत उभी. 2019 मध्ये वीबर अर्कान्सा विद्यापीठाची मुख्य प्रशिक्षक झाली, आणि 2022 मध्ये तिने मदतनीस प्रशिक्षक म्हणून कुणाला घेतलं? कायलाला.

आता नियम बदललाय. जुलै 2021 पासून कॉलेजचे खेळाडू स्वतःच्या नावावर पैसे मिळवू शकतात. टोकियोची सर्वसाधारण विजेती सुनी ली त्यानंतर ऑबर्नकडून खेळली, मूत्रपिंडाच्या आजाराने तिचा 2023 चा कॉलेज हंगाम मध्येच थांबला, आणि तीच पुन्हा 2024 ला पॅरिसला सांघिक सुवर्ण आणि सर्वसाधारण कांस्य घेऊन आली. जेड केरीने ओरेगन स्टेट आणि ऑलिंपिक दोन्ही सांभाळलं. वीबरला यातलं काहीच मिळालं नाही. दहा वर्षांचा फरक.

---

सातपुडा

@निळी_चटई, समजलं. शालेय सामन्याची उपमा मागे घेतो.

दुसरं विचारू का? या पाच जणींपैकी काहींचं नाव त्या डॉक्टरच्या प्रकरणात वाचल्याचं आठवतंय. कायलाही होती का त्यात?

---

निळी_चटई

हो. लॅरी नासर, अमेरिकेच्या राष्ट्रीय संघाचा डॉक्टर, उपचारांच्या नावाखाली खेळाडूंचं लैंगिक शोषण करणारा. लंडनच्या पाचही जणी. मरोनी, रेझमन, डग्लस, वीबर यांनी आधी सांगितलं होतं. कायला आणि मॅडिसन कोशियन यांनी 2018 मध्ये दूरचित्रवाणीवर एकत्र बसून सांगितलं. तोपर्यंत नासरला 40 ते 175 वर्षांची शिक्षा झालेली होती.

कायला लहानपणापासून ओळखली जायची ती शांत, चेहऱ्यावर काही न दाखवणारी मुलगी म्हणून. समालोचक त्याचं कौतुक करायचे, "किती स्थिर, किती संयमी". मीही करायचे. आता ते जुने व्हिडिओ बघताना त्या कौतुकाने मला अपराधी वाटतं. पंधरा वर्षांची पोर हसत नाहीये आणि आपण तिला शाबासकी देतोय.

यूसीएलएच्या प्रशिक्षक तेव्हा व्हॅलरी काँडोस फील्ड. त्या स्वतः जिम्नॅस्ट कधीच नव्हत्या, नृत्यातून आलेल्या. त्यांच्याकडे फ्लोअरची कसरत म्हणजे आधी नाच. कायलाच्या पहिल्या वर्षाच्या आणि शेवटच्या वर्षाच्या फ्लोअर कसरती एकापाठोपाठ बघा. पहिल्यात ती हात सांगितल्यासारखे हलवते. शेवटच्यात बाजूला उभ्या सगळ्या संघमैत्रिणी तिच्याबरोबर नाचताहेत आणि ती त्यांच्याकडे बघून हसतेय. उड्या दोन्हीकडे पक्क्याच आहेत.

त्याच संघात केटलिन ओहाशी. 2013 च्या अमेरिकन कपमध्ये तिने सिमोन बाइल्सला हरवलं होतं, मग दुखापतींनी एलिट कारकीर्द संपली. जानेवारी 2019 ला अ‍ॅनाहाइमला तिने केलेली फ्लोअरची कसरत तुम्ही सगळ्यांनी फोनवर पाहिली असेल. आम्ही त्या दिवशी तिथे होतो. माझी लेक सहा वर्षांची होती. घरी येईपर्यंत गाडीत गप्प होती आणि घरी आल्या आल्या गालिच्यावर कोलांट्या सुरू.

---

मधुकर_पं

2018 चा शेवट राहिला की! तो सांगा, किंवा मी सांगतो.

सेंट लुईस, एप्रिल 2018. महाविद्यालयीन राष्ट्रीय स्पर्धेची सहा संघांची अंतिम फेरी. ओक्लाहोमा विद्यापीठाचं सगळं आटोपलेलं, 198.0375. यूसीएलएचं शेवटचं साधन बीम, म्हणजे घसरायची सगळ्यात जास्त भीती तिथेच. अवघं गणित शेवटच्या दोन मुलींवर आलं. आधी कायला: 9.9875. आणि शेवटी कॅनडाची पेंग-पेंग ली, गुडघ्याच्या शस्त्रक्रियांतून उठून आलेली, कॉलेजमधली तिची शेवटची कसरत: दहा. यूसीएलए 198.0750. फरक 0.0375. एका लहान पावलाएवढाही नाही.

त्या दिवशी कायला आणि मॅडिसन कोशियन ऑलिंपिक, जागतिक आणि महाविद्यालयीन अशी तिन्ही सांघिक विजेतेपदं मिळवणाऱ्या पहिल्या महिला जिम्नॅस्ट ठरल्या.

---

केतकी_बन

आत्ता बघितलं. पेंग-पेंग उतरली तेव्हा इकडे पुण्यात मी सोफ्यावरून उठून उभी राहिले, सात वर्षं जुन्या व्हिडिओला.

---

ठाण्याची_उडी

मला एक टोचणी आहे ती लिहिते. आपल्याकडे अशी दुसरी इनिंग कुठे आहे?

दीपा कर्माकर रिओला व्हॉल्टमध्ये चौथी आली. 15.066, कांस्यपदकापासून 0.15 दूर. ऑलिंपिकला गेलेली पहिली भारतीय महिला जिम्नॅस्ट. मग गुडघ्याची शस्त्रक्रिया, मग बंदीचा काळ, आणि तरी 2024 ला, तिशीत, ताश्कंदला आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत व्हॉल्टचं सुवर्ण. त्याच वर्षी निवृत्त झाली. तिने जे केलं ते आगरताळ्यात, विश्वेश्वर नंदी सरांबरोबर, जवळजवळ एकहाती. तिच्यामागे दर शनिवारी भरणारं प्रेक्षागृह नव्हतं. आंतरविद्यापीठ स्पर्धा आपल्याकडेही होतात, मी खेळले आहे. चार दिवसांची स्पर्धा, प्रेक्षकांत फक्त खेळाडूच, आणि वर्षाचे उरलेले दिवस विद्यापीठाला आपण आहोत हेही माहीत नसतं. बालेवाडीचा हॉल चांगला आहे, पण हॉल म्हणजे हंगाम नव्हे. अठरा ते बावीस या वयाच्या मुलीला दर आठवड्याला उतरायला जागा हवी आणि बघायला माणसं हवीत.

मल्लखांबाने हे थोडंफार सांभाळलंय. आमच्या व्यायामशाळेत पन्नाशीच्या बायकाही दोरीवर चढतात.

---

जर्सीचा_बाबा

@ठाण्याची_उडी, शेवटचं वाक्य बायकोला वाचून दाखवलं. ती लहानपणी दादरला दोरीचा मल्लखांब करायची. लग्नानंतर पंधरा वर्षांत हे मला पहिल्यांदा कळलं.

शाळेचं ठरलं. मोठी शाळेतच राहतेय.

---

सातपुडा

कायलाचं शेवटचं वर्ष कसं गेलं? 2020 म्हणजे…

---

निळी_चटई

हो, तेच. 12 मार्च 2020 ला करोनामुळे हंगाम रद्द झाला. शेवटची राष्ट्रीय स्पर्धा झालीच नाही. निरोपाची फेरी नाही, काही नाही. लंडनच्या वेळी पंधराव्या वर्षी जग बघत होतं, आणि तेविसाव्या वर्षी सगळं एका निवेदनात संपलं. त्या रात्री मी फार वेळ जागी होते. नंतर ती त्याच संघाला मदत करत राहिली, आणि पुढचं अर्कान्साचं मधुकरकाकांनी लिहिलंच आहे.

नाशिकच्या मैत्रिणीला या धाग्याचा दुवा पाठवला होता. ठाण्याच्या ताईंचा प्रतिसाद तिने मुलीला वाचून दाखवला. बार्सचे सर तिला आता सुटण्याची वेळ नव्याने शिकवताहेत, अगदी खालच्या दांडीपासून, फोमच्या खड्ड्यावर. परवा ती तीनदा पडली आणि चौथ्यांदा धरलं.

जानेवारीत यूसीएलएचे घरचे सामने सुरू होतील, पॉली पॅव्हिलियनला. आमच्या दोन गाड्या अर्व्हाइनहून निघणार आहेत, तीन जागा रिकाम्या आहेत. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या कुणाला मुलींना घेऊन यायचं असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा. बीमच्या बाजूची तिकिटं बघते.